शनिवारी निकाल नाही

आमचे घरमालक टीव्हीसमोर कधीच बसले नाहीत. लंडनजवळच्या इल्फर्डमधल्या त्या घरात पुढच्या खोलीत टीव्हीसमोर सोफा होता, पण त्यावर आम्ही भाडेकरू बसायचो. काकांची लाकडी खुर्ची बाजूच्या भिंतीला चिकटून असायची. तिथून त्यांना पडदा तिरपा, काकडीच्या फोडीएवढा दिसत असेल. पहिल्या दिवशी मला वाटलं, मान धरली असणार. मी डॉक्टर, म्हणून विचारलंही.

"मान ठणठणीत आहे," ते म्हणाले. "मी लाइनवर बसलोय."

बावीस वर्षं ते दर रविवारी सकाळी हॅकनीच्या मैदानांवर हौशी टीम्सच्या मॅचना लाइनमन होते. आठवडाभर कोटांच्या कारखान्यात कापड बेतायचं, कापायचं, आणि रविवारी चिखलात झेंडा घेऊन पळायचं. पुढे गुडघा गेला आणि झेंडा सुटला, सवय मात्र सुटली नाही. फुटबॉल बाजूनेच बघायचा असतो, समोरून बघणारे नुसते बॉल बघतात, असं त्यांचं ठाम मत होतं. घरातही त्यांचा कारभार तसाच. आपली पाळी यायच्या आधी कोणी गॅसपाशी घुसलं की ते ओट्यावरचं फडकं उचलून हात ताठ वर करायचे. ऑफसाइड! त्यावर अपील नसे.

ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. मूळ गाव अलिबागजवळचं, वाढले भायखळ्याला, लग्न करून इकडे आले. काकू मी राहायला जायच्या आधीच वारल्या होत्या. काकांचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ होतं आणि त्याचा त्यांना गर्वही होता.

"आम्ही शनवार तेली," ते सांगायचे. "आमच्या लोकांनी कोकणात शनवारी तेलाचा घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने ते नाव दिलं. इथे घाणा कुठला? मी टीव्ही बंद ठेवतो."

शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ते एकाही बटणाला हात लावत नसत. आता इंग्लंडातला फुटबॉल शनिवारचा. पण काकांनी त्यावर तोड काढली होती. शुक्रवारी दुपारीच व्हिडिओ रेकॉर्डरला टायमर लावायचा आणि रविवारी सकाळी बरोबर दहाला टेप सुरू करायची. शनिवारी रात्री का नाही, असं मी एकदा विचारलं. "बावीस वर्षं माझी मॅच रविवारी दहाला सुरू झाली," ते म्हणाले. "आता का बदलू?" यातूनच घराचा एकमेव लेखी नियम आला होता. फ्रिजवर, त्यांच्या वळणदार मराठी अक्षरात: शनिवारी निकाल नाही.

हा नियम पाळणं सोपं नव्हतं. वरच्या मजल्यावर माझ्या शेजारच्या खोलीत एक नागपूरकर डॉक्टर राहायचा. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. शनिवारी बाहेर मॅच बघून आला की त्याचा चेहराच स्कोअर सांगायचा. म्हणून तो दारातच मफलर नाकापर्यंत ओढून घ्यायचा आणि डोळे जमिनीवर ठेवून जिना चढायचा. मे महिन्यातही. शेजारच्या बाईंना तो आजारी वाटायचा.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मला तो नियम फार आवडायचा. साऱ्या देशाला माहीत झालेली गोष्ट आमच्या घरात अजून घडायची असायची. बाहेर लोक हरून, दारू पिऊन, भांडून झोपी गेलेले, आणि आमच्याकडे अजून शून्य-शून्य. शनिवारी संध्याकाळी त्या घरात शिरताना पाण्याखाली गेल्यासारखं वाटे. रस्त्यावरचे आवाज मऊ व्हायचे, काका मागच्या बागेत हात मांडीवर ठेवून बसलेले असायचे आणि काहीच ठरलेलं नसायचं. त्या दिवसांत काहीच ठरलेलं नसणं मला फार हवं होतं.

कारण माझं जवळजवळ ठरत आलं होतं. इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळण्याआधी आम्हाला इथली परीक्षा द्यावी लागे. एका लांब कॉरिडॉरमध्ये ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीत पेशंटचं सोंग घेतलेला नट किंवा नटी, पाच मिनिटांनी घंटा, की पुढची खोली. सरावात मी सगळ्यांच्या पुढे. नागपूरकर माझ्या वह्या वाचून पहिल्या फटक्यात पास झाला होता. मी मात्र दोनदा नापास. आता तिसरी खेप होती, व्हिसा संपत आला होता, आणि या खेपेलाही तेच झालं तर सातारा. साताऱ्याला जाण्यात वाईट काहीच नाही, पण आईने गल्लीभर पेढे वाटून मला विमानात बसवलं होतं. नापास होऊन त्या गल्लीत शिरायची माझी छाती नव्हती.

आमच्या घरातला मोठा वाद मात्र वेगळाच होता. काकांच्या टीमचा एक नामांकित स्ट्रायकर होता. एरवी गोलांचा पाऊस पाडणारा, पण फायनल किंवा सेमीफायनल आली की हा मैदानावर आहे की घरी, असा प्रश्न पडावा. नागपूरकराने त्याचं नाव ठेवलं होतं जावई.

"वर्षभर लाड करा काका, आणि ऐन सणाला रुसून बसतो. जावईच आहे तो!" नागपूरकर पोळीचा तुकडा हवेत नाचवत म्हणायचा. "छोट्या टीमसमोर हॅटट्रिक, अन् बिग मॅचमध्ये पाहुणा!"

"तू बॉल बघतोस," काका म्हणायचे. "बॉल कोणीही बघतो. बॉल नसताना तो कुठे जातो ते बघ."

मग टेबलावर मिठाची बरणी यायची, सॉसची बाटली यायची. ते दोघं डिफेंडर. हिरवी मिरची म्हणजे जावई. मिरची एका बाजूला पळे, बरणी आणि बाटली तिच्यामागे सरकत, आणि मोकळ्या जागेतून लिंबाची फोड येऊन गोल मारी. "आता सांग, हा गोल कुणाचा? लिंबाचा?" काका विचारायचे.

"कागदावर लिंबाचाच ना!"

"कागद गेला खड्ड्यात."

असं आठवड्यातून तीन वेळा चालायचं, आणि शेवटी मिरची नागपूरकर खाऊन टाकायचा. एकदा मात्र तो भरात येऊन बोलून गेला, "काका, साधी गोष्ट आहे. मोठ्या दिवशी ज्याला जमत नाही, त्याला मोठा म्हणायचं कशाला?"

माझी दुसरी खेप फसून आठवडाही झाला नव्हता. नागपूरकराने जीभ चावली, पण शब्द सुटून गेला होता. मी ताट उचललं, धुतलं आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावून रडले. खोली एवढीशी होती की पलंगावर बसून रडलं तर गुडघे दाराला लागायचे.

थोड्या वेळाने काका चहा घेऊन आले. दारात उभे राहिले, थोडे बाजूलाच.

"तो नागपूरकर खोटं नाही बोलला," ते म्हणाले. मला वाटलं होतं, समजूत काढतील. "टेबलावर मी कबूल नाही करणार, पण जावई मोठ्या मॅचला खरंच चुकतो. वाईट नाही खेळत. घाई करतो. पास निघायच्या आधी अर्धं पाऊल पुढे. साध्या मॅचला हाच माणूस किती शांत उभा असतो! मोठ्या दिवशी त्याला वाटतं, आपल्याला उशीर झाला." मग चहाचा कप खिडकीत ठेवत म्हणाले, "तू खोलीत जातेस तेव्हा काय करतेस?"

मी सांगितलं. पहिल्या खेपेला एका नटीचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी सॉरी म्हणून मोकळी झाले होते. दुसऱ्या खेपेला पेशंट पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत होता आणि मी चौथा विचारत होते.

"ऑफसाइड," काका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून ते माझे पेशंट झाले.

पेशंट म्हणून त्यांना बायकाच व्हायला आवडे. डोक्यावर फडकं बांधून ते मिसेस समथिंग व्हायचे, दर वेळी नवी बाई. "ओह डॉक्टर डिअर, माय चेस्ट," म्हणत खुर्चीत बसायचे आणि छातीवरून बहिणीवर, बहिणीवरून मांजरावर जायचे. मी आत शिरू बघितलं की बाईंच्या डोक्यावरचं फडकं सर्रकन निघून हवेत जायचं. "ऑफसाइड! बाई अजून मांजराचं बोलतेय!"

"काका, पाच मिनिटांत घंटा होते. मांजर कशाला?"

"मांजर नाही संपलं तर छातीचं कसं सांगेल ती?"

मी चिडायचे. एकदा तर फडकं हिसकावून घेतलं. पण हळूहळू ते फडकं कमी वेळा वर जाऊ लागलं. शेवटच्या आठवड्यात एक पूर्ण पाच मिनिटं ते डोक्यावरच राहिलं, आणि ते सोडताना काका, मांजर मेल्यावर बाई किती रडली होती, त्याचंच बोलत होते.

परीक्षा झाली. कशी झाली ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला स्वतःलाच कळलं नव्हतं. मग वाट बघणं. ते पाकीट आलं मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी, आणि नेमकी त्याच दुपारी काकांच्या टीमची फायनल होती. वेम्बलीचं स्टेडियम तेव्हा पाडून बांधत होते, त्यामुळे फायनल कार्डिफला. नागपूरकर सकाळीच मित्राकडे पळाला होता, मफलर बरोबर घेऊन. आदल्या दिवशी दुपारी काकांनी रेकॉर्डरचा टायमर दोनदा तपासला होता, आणि दुकानातून एक नारळ, पातळ पोहे, बेदाणे, खजूर आणून ठेवले होते. त्यांनी नवस बोलला होता, मलिद्याचा. भिजवलेल्या पोह्यांत गूळ-खोबरं घालून, भोवती फळं मांडून एलियाहू नबीच्या नावाने तो करतात. नागपूरकराचं म्हणणं, असे नारळ यापूर्वीही आले होते आणि दर वेळी शेवटी त्यांची चटणी झाली होती.

दारातल्या पायपुसण्यावरून मी पाकीट उचललं. काका मागे उभे होते.

"आज शनिवार," मी म्हणाले.

"आज शनिवार," ते म्हणाले.

पाकीट कार्डिगनच्या खिशात टाकून मी त्यांच्याबरोबर मागच्या बागेत जाऊन बसले. ती दुपार मला अजून स्वप्नात येते. सफरचंदाच्या झाडाची फुलं गळून गवतावर पडली होती. सगळ्या घरांच्या खिडक्या उघड्या, आणि प्रत्येक खिडकीतून एकच मॅच, पण शब्द कुठलाच कळत नव्हता, नुसती गुणगुण. मधेच ती गुणगुण वर चढायची आणि पुन्हा उतरायची. एकदा सगळी गल्ली एका आवाजात कण्हली. काकांनी डोळे मिटले होते. त्यांच्या मांडीवरची बोटं हलत होती, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मला वाटलं, प्रार्थना चालली असेल. खूप वेळाने, ऊन कुंपणावर गेल्यावर, आवाज पुन्हा चढू लागला. चढला, चढला, आता फुटणार असं वाटलं, आणि न फुटताच लांबलचक खाली आला. काकांची बोटं थांबली.

मी खिशातलं पाकीट हाताने चाचपत होते. त्यातला कागद कधीच छापून झाला होता, कुठल्यातरी ऑफिसातल्या माणसाला तो माहीतही होता. पण त्या बागेत मॅच अजून सुरू झाली नव्हती आणि मी अजून नापास झाले नव्हते. तो शनिवार संपूच नये, असं मला फार मनापासून वाटलं.

रविवारी आठला मी खाली आले तर काका विळीवर नारळ खोवत होते. मला त्यांची कीव आली. नागपूरकराचे रात्रीचे पाय जिन्यावर कसे वाजले ते मी ऐकलं होतं, आणि जिंकलेला माणूस तसा जिना चढत नाही.

दहाला टेप सुरू झाली. नागपूरकर सोफ्यात तोंड पाडून, मी पाकीट घेऊन, काका बाजूच्या खुर्चीत, मांडीवर फडकं. पहिल्याच अर्ध्या तासात टीमवर गोल झाला. तो काकांनी नीट पाहिलाही नाही. ते फक्त जावयाचे पाय बघत होते. दोनदा फडकं वर गेलं, आणि दोन्ही वेळा त्यांच्या पाठोपाठ टीव्हीतल्या लाइनमनचा झेंडा वर गेला. मग अगदी शेवटी, पाचेक मिनिटं उरली असताना, काका गुडघा विसरून उभे राहिले.

"पाय बघ त्याचे! थांबला! थांबला बघ!"

जावई खरोखरच थांबला होता. डिफेंडरच्या खांद्याशी, पाऊल उचललेलं, पण न टाकलेलं. पास निघाला आणि मग तो निघाला. गोलकीपर एकीकडे पडला, बॉल दुसरीकडे गेला आणि खांबावर आपटून परत आला. फडकं काकांच्या हातात खालीच होतं. थोड्या वेळाने शिट्टी झाली आणि टीम हरली.

नागपूरकर हळूच म्हणाला, "काका, गोल तर नाही ना झाला."

"तो खांबाचा प्रश्न आहे," काका म्हणाले. आत गेले आणि मलिद्याचं ताट घेऊन आले. पोहे, खोबरं, वेलचीचा वास, भोवती केळी, संत्री, द्राक्षं मांडलेली. "खरं तर दहा माणसं लागतात याला. आपण तिघंच आहोत, बाकीचे देव मोजून घेईल."

"पण नवस कसला फेडताय?" मी विचारलं. "आपण हरलो काका."

"हरलो ते मला कालच कळलं होतं. सगळी गल्ली कण्हते, मी बहिरा आहे का? दर शनिवारी कळतं."

नागपूरकर ताडकन उठून बसला. "म्हणजे दोन वर्षं मी मफलर बांधून..."

"तो तुझ्या तब्येतीला बरा."

"मग रविवारी बघायचं कशाला?" मी विचारलं. मला खरंच राग आला होता, फसवल्यासारखं झालं होतं.

"काय झालं ते कळतं गं," काका म्हणाले. "तो कसा धावला, ते कुठे कळतं? ते बघावं लागतं. आणि नवस मी गोलचा बोललोच नव्हतो. एकदा थांबता येऊ दे, एवढंच मागितलं होतं. त्याला आणि तुला. एका नारळात दोन नावं चालतात." मग खुर्ची माझ्याकडे तिरपी करून ते बसले. "आता सांग. तू कशी धावलीस?"

पाकीट हातात तसंच ठेवून मी सांगितलं. शेवटच्या खोलीत एक नटी होती आणि तिचा नवरा गेला आहे हे मी तिला सांगायचं होतं. मी सांगितलं. ती काहीच बोलेना. माझ्याकडे पाठ केलेली सहा वाक्यं तयार होती, जिभेवर आली होती. मी ती बोलले नाही. ती खिडकीकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. मग ती म्हणाली, ही हॅडंट हॅड हिज टी, त्याचा चहा राहूनच गेला. मी म्हणाले, टेल मी. ती त्या चहाबद्दल बोलत होती तेवढ्यात घंटा झाली. सहातलं एकही वाक्य बोलून झालं नव्हतं.

सांगून झाल्यावर मी काकांच्या हाताकडे बघितलं. फडकं मांडीवरच होतं. ते त्यांनी घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि म्हणाले, "फोड आता."

मी पास झाले होते. नागपूरकराने मला उचलून घेतलं, ताटातली द्राक्षं सांडली. काकांनी कागदाकडे पाहिलंही नाही, ते द्राक्षं वेचत होते.

मला एडिनबराला नोकरी लागली. रविवारी बाराच्या सुमारास, म्हणजे त्यांची मॅच संपली की, मी फोन करायचे. पुढे जावई ती टीम सोडून गेला तेव्हा पेपरांनी लिहिलं, थोर खेळाडू, पण मोठ्या सामन्यांत कमी पडला. मी तावातावाने काकांना फोन लावला. "लिहू दे," ते म्हणाले. "ते समोर बसतात." वॉर्डातही मला कधीकधी ते फडकं दिसायचं. एखादी म्हातारी आपल्या मांजराबद्दल सांगू लागली, की मी खुर्ची ओढून बसायचे. माझे ज्युनियर घड्याळ बघायचे.

एका रविवारी मी फोन करायच्या आतच, सकाळी साडेनऊला, फोन वाजला. नागपूरकर होता. त्याने काकांच्या पलीकडच्याच रस्त्यावर घर घेतलं होतं आणि रोज एक चक्कर टाकायचा. त्याने माझं नाव घेतलं आणि पुढे बोललाच नाही. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नसे तो गप्प होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी खिडकीपाशी उभी होते, हातात कणकेचा गोळा होता. त्याने मला वेळ दिला, माझा मला, आणि त्या शांततेतच मला कळलं.

"कधी?" मी विचारलं.

"काल दुपारी. बागेत बसले होते. फ्युनरल उद्या आहे."

काल दुपारी मी बाजारात गेले होते. त्यांना पाठवायला जाड लोकरीचे मोजे घेतले होते, रंगावरून दुकानदाराशी हुज्जत घातली होती. रविवारी काय काय सांगायचं ते मनात जुळवत घरी आले होते. अख्खा शनिवार मी त्यांच्याबरोबर होते.

"काल का नाही कळवलंस रे?" मी रडत, चिडून विचारलं.



"काल शनिवार होता," तो म्हणाला.